डेंटिनमधील किडीवर फ्लोराइडचे उपचार: तुलना नेमकी कशाची करावी?

खनिजरेषा (प्रश्न)

नमस्कार. मी दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेंटिनपर्यंत (इनॅमल या दाताच्या बाह्य कवचाखालील थरापर्यंत) पोहोचलेल्या किडीचे पुनर्खनिजीकरण, म्हणजे गेलेले खनिज परत बसवणे, हा माझ्या प्रबंधाचा विषय असून त्यासाठी मी तीन उपचार निवडले आहेत: 38 टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड (पुढे एसडीएफ), 5 टक्के सोडियम फ्लोराइडचे व्हार्निश (दातावर लावायचा चिकट लेप) आणि 5,000 पीपीएम (दशलक्षात इतके भाग) फ्लोराइडची टूथपेस्ट. काढलेल्या दातांवर आम्लाने कृत्रिम कीड तयार करायची, पीएच सायक्लिंग (आलटून पालटून आम्लात आणि खनिज देणाऱ्या द्रावणात ठेवणे) करायचे आणि आधीची व नंतरची खनिज-घनता मायक्रो-सीटीने (सूक्ष्म क्ष-किरण स्कॅनने) मोजायची, असा आराखडा मी मार्गदर्शकांना दाखवला आहे.

मात्र वाचन वाढत गेले तसा माझा गोंधळही वाढत गेला. फ्लोराइडचे प्रमाण पाहिले तर एसडीएफमध्ये सुमारे 44,800 पीपीएम, व्हार्निशमध्ये 22,600 पीपीएम आणि टूथपेस्टमध्ये 5,000 पीपीएम असा सरळ उतरता क्रम लागतो, आणि परिणामही त्याच क्रमाने मिळतील असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दातांच्या मुळांवरील किडीसाठी रोज वापरायच्या 5,000 पीपीएम टूथपेस्टला किंवा जेलला व्हार्निश आणि एसडीएफ या दोन्हींच्या आधी स्थान दिलेले आहे. सर्वांत कमी फ्लोराइड असलेला उपचार पहिला कसा येतो?

दुसरी शंका शब्दांची आहे. मागच्या महिन्यात एका रुग्णाच्या खालच्या दाढेवर सहा महिन्यांपूर्वी एसडीएफ लावलेला खड्डा मी तपासला. तळ काळा आणि चकचकीत होता, आणि प्रोब हलकेच फिरवला तर खापरीवर फिरवल्यासारखा कोरडा आवाज येत होता. कीड थांबली होती, यात शंका नाही. पण खड्डा होता तेवढाच होता. याला पुनर्खनिजीकरण म्हणायचे का? कठीण होणे आणि खनिज परत येणे या दोन गोष्टी एकच आहेत का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

दंतमूळ (उत्तर)

आपण विचारलेल्या दोन्ही शंका मुळात एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, असे मला वाटते. आपण सर्वच जण फ्लोराइडचा विचार इनॅमलवरून शिकलो आणि तोच विचार तसाच उचलून डेंटिनला लावतो. इनॅमलमध्ये वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असते. डेंटिनमध्ये ते सुमारे 70 टक्के असते आणि उरलेल्या भागात प्रामुख्याने कोलॅजन (प्रथिनाचे तंतू) आणि पाणी असते. इनॅमल साधारण 5.5 सामूला (पीएच) विरघळू लागते, तर मुळावरचे डेंटिन 6.2 ते 6.7 च्या आसपासच खनिज सोडू लागते. म्हणजे ज्या आम्लाने इनॅमलला धक्काही लागत नाही, तेवढ्या आम्लाने उघडे पडलेले मूळ झिजत असते, आणि तेही दिवसातून कितीतरी अधिक वेळ.

टूथपेस्ट पहिली का, याचे उत्तर माझ्या मते इथेच आहे. मुळावरच्या उथळ किडीत खनिज सोडणे आणि परत घेणे हा व्यवहार दिवसभर चालू असतो, आणि तो व्यवहार आपल्या बाजूला झुकवायचा तर फ्लोराइड दिवसभर, थोडे का होईना, लाळेत आणि जिवाणूंच्या थरात हजर असावे लागते. एका दिवशी 22,600 पीपीएम आणि नंतर तीन-चार महिने काही नाही, यापेक्षा दररोज दोन वेळा 5,000 पीपीएम हे अशा जागी अधिक उपयोगी पडते. व्हार्निश आणि एसडीएफ दोन्ही लावल्यावर कॅल्शियम फ्लोराइडसारखे कण साठून राहतात आणि हळूहळू विरघळून फ्लोराइड सोडतात, हे खरे आहे. तरी तो साठा संपतो आणि ब्रश रोज फिरतो. प्रमाण आणि हजेरी यांचा गुणाकार पाहायला हवा. नुसता पीपीएमचा आकडा त्यातला एकच घटक सांगतो.

2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मुळावरच्या किडीसाठी 5,000 आणि 1,100 पीपीएमच्या टूथपेस्टची तुलना केली गेली. सहा महिन्यांनी किमान एक तरी मूळ-कीड कठीण झालेल्या व्यक्तींचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे 57 टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे 29 टक्के होते. या दुसऱ्या आकड्याकडे सहसा कोणी पाहत नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण साध्या टूथपेस्टनेही चारातल्या एकाहून अधिक व्यक्तींमध्ये फरक पडला होता. डेन्मार्कमध्ये न्यूवाड आणि फेयरस्कोव्ह यांनी 1986 मध्ये दाखवून दिले होते की मुळावरची सक्रिय कीड रोजच्या काटेकोर स्वच्छतेने निष्क्रिय होऊ शकते. जिवाणूंचा थर निघाला की अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

यावरून माझीच एक चूक सांगतो. बरीच वर्षे मी अशा किडीवर दर तीन महिन्यांनी नेमाने व्हार्निश लावत असे. एका वृद्ध रुग्णाच्या सुळ्याच्या मुळावर, हिरडीच्या अगदी कडेला, किडीची वरची कड आत वळलेली होती. प्रत्येक भेटीत मी ती पुसून व्हार्निश लावले, प्रत्येक वेळी त्या कडेखाली पांढरट मऊ थर साचलेला दिसला आणि प्रत्येक वेळी मी तो काढून पुन्हा व्हार्निशच लावले. चौथ्या भेटीत एक्सकॅव्हेटर (कीड खरवडण्याचे हत्यार) टेकवला तर डेंटिनचा ओल्या चामड्यासारखा पापुद्रा अलगद सुटून आला. त्या जागी ब्रशचे केस पोहोचतच नव्हते. ती कड आधीच घासून उतरती केली असती तर त्याच व्हार्निशने, कदाचित नुसत्या टूथपेस्टनेही काम झाले असते. तेव्हापासून फ्लोराइड कोणते द्यायचे, याच्याआधी मी ती जागा रुग्णाला स्वतः स्वच्छ करता येते का, हे पाहतो.

लाळ कमी असलेल्या रुग्णांचा विचारही प्रबंधात अवश्य घ्यावा. फ्लोराइड खनिजाची बांधणी वेगाने करवून घेते, पण त्यासाठी लागणारे कॅल्शियम आणि फॉस्फेट लाळेतूनच यावे लागते. तोंड कोरडे असेल तर गवंडी हजर आणि विटा नाहीत, अशी गत होते.

सूक्ष्मकाठिण्य (उत्तर)

दंतमूळ सरांनी उपचाराची बाजू नेमकी मांडली आहे. मी प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे मोजणीबद्दल लिहिते, आणि आपल्या आराखड्यातल्या एका मोठ्या धोक्याकडे आधी लक्ष वेधते.

एसडीएफच्या गटाची खनिज-घनता निव्वळ मायक्रो-सीटीवर मोजू नका. चांदीचा अणुक्रमांक 47 आहे आणि कॅल्शियमचा 20. 38 टक्के एसडीएफमध्ये वजनाने सुमारे एक चतुर्थांश चांदी असते आणि ती किडलेल्या डेंटिनमध्ये, विशेषतः नलिकांच्या तोंडांशी, भरपूर जमा होते. क्ष-किरण ती जोरात शोषून घेतात, त्यामुळे प्रतिमेत ती जागा उजळ दिसते आणि सॉफ्टवेअर तिचे रूपांतर भल्या मोठ्या खनिज-घनतेत करून टाकते. तुम्हाला वाटेल की ॲपेटाइट, म्हणजे दाताचे खनिज, परत आले. प्रत्यक्षात तुम्ही चांदी मोजलेली असेल. ट्रान्सव्हर्स मायक्रोरेडिओग्राफीलाही (पातळ छेदाच्या क्ष-किरण प्रतिमेलाही) हीच अडचण येते. या एका कारणाने एसडीएफचा गट कागदावर सहज जिंकेल आणि तो निष्कर्ष परीक्षकासमोर टिकणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. कठीण होणे आणि खनिज परत येणे या एक गोष्ट नाहीत, आणि मी तर त्याच्याही पुढे जाऊन म्हणेन की खनिज परत येणे आणि डेंटिन पूर्वीसारखे होणे याही दोन गोष्टी आहेत. निरोगी डेंटिनमध्ये काही खनिज कोलॅजनच्या तंतूंच्या आत असते आणि काही तंतूंच्या मधल्या जागेत. डेंटिनचा ताठपणा बऱ्याच अंशी तंतूंच्या आतल्या खनिजावर अवलंबून असतो. फ्लोराइड मुख्यतः काय करते, तर जे स्फटिक अर्धवट विरघळून शिल्लक राहिले आहेत त्यांच्यावर नवे खनिज चढवते. बीज शिल्लक असेल तर ते वाढते. जिथे तंतू पूर्ण उघडे पडले आहेत आणि एकही स्फटिक उरलेला नाही, तिथे निव्वळ फ्लोराइड, कॅल्शियम आणि फॉस्फेट आणून ओतल्याने तंतूंच्या आत खनिज आपोआप भरत नाही. ते बाहेर, मधल्या जागेत किंवा पृष्ठभागावर बसते. घनता वाढते, पण ताठपणा त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून कापलेल्या छेदावर पृष्ठभागापासून आतपर्यंत ठरावीक अंतराने नॅनोइंडेंटेशन (अतिसूक्ष्म टोक दाबून ताठपणा मोजणे) करावे, निदान सूक्ष्मकाठिण्य तरी मोजावे, आणि शक्य असल्यास ओल्या स्थितीत मोजावे, कारण खनिज गेलेले डेंटिन वाळले की आक्रसते आणि खोटे ताठ वाटते.

एसडीएफने नेमके काय होते, हेही इथे पाहण्यासारखे आहे. ते अल्कधर्मी द्रावण असते, सामू साधारण 10. डेंटिनशी संयोग झाल्यावर कॅल्शियम फ्लोराइड आणि सिल्व्हर फॉस्फेट तयार होते आणि पुढे चांदीची संयुगे व धातुरूप चांदी यांमुळे जागा काळी पडते. चांदीमुळे जिवाणू मरतात. त्याखेरीज कोलॅजन खाणारी आपल्याच शरीरातली विकरे, म्हणजे मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज आणि सिस्टीन कॅथेप्सिन, यांनाही एसडीएफ आवर घालते. डेंटिनच्या किडीत हा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण आम्ल फक्त खनिज नेते, कोलॅजनची चौकट नंतर ही विकरे खातात, आणि चौकट गेली की खनिज बसवायला जागाच उरत नाही. तेव्हा तुम्ही पाहिलेला काळा, चकचकीत तळ म्हणजे थांबलेली आणि वरच्या थरात कठीण झालेली कीड होती. अगदी वरच्या भागात खनिज आणि चांदी यांचा दाट थर होता, एवढे त्या आवाजावरून म्हणता येते. त्याखाली काय होते, हे प्रोब सांगू शकत नाही.

हा दाट थर नेहमीच हिताचा असतो असेही मी मानत नाही. तीव्र फ्लोराइडने पृष्ठभाग लवकर भरला की आयनांची आत जाण्याची वाट अरुंद होते आणि खोल भाग तसाच मऊ राहू शकतो. खोल किडीत कमी प्रमाणाचे, पण वारंवार दिलेले फ्लोराइड अधिक आतपर्यंत पोहोचते की नाही, हा प्रश्न तुमच्या प्रबंधात बसतो आणि मला तो तीन उपचारांची क्रमवारी लावण्यापेक्षा कितीतरी अधिक मोलाचा वाटतो.

बालदंत (उत्तर)

मी लहान मुलांवर उपचार करतो, त्यामुळे माझा अनुभव वरील दोघांपेक्षा वेगळ्या दातांचा आहे. दुधाच्या दातांतल्या उघड्या खड्ड्यांबाबत मात्र पारडे एसडीएफकडे स्पष्टपणे झुकते. मला त्यात फारशी शंका राहिलेली नाही.

2002 मध्ये प्रसिद्ध झालेली, चू, लो आणि लिन यांनी चीनमधल्या बालवाडीतल्या 375 मुलांच्या वरच्या पुढच्या दातांवर केलेली 30 महिन्यांची चाचणी अजूनही वाचण्यासारखी आहे. एका बाजूला वर्षातून एकदा 38 टक्के एसडीएफ होते आणि दुसऱ्या बाजूला दर तीन महिन्यांनी 5 टक्के सोडियम फ्लोराइडचे व्हार्निश. प्रत्येक मुलामागे कीड थांबलेल्या पृष्ठभागांची सरासरी एसडीएफच्या दोन गटांत 2.5 आणि 2.8 होती, व्हार्निशच्या दोन्ही गटांत 1.5 आणि काही न केलेल्या गटात 1.3. व्हार्निश चौपट वेळा लावूनही मागे राहिले. आणखी एक गोष्ट: एसडीएफ लावण्याआधी मऊ कीड खरवडून काढल्याने थांबलेल्या पृष्ठभागांच्या संख्येत लक्षणीय फरक पडला नाही. खुर्चीत रडणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत या निरीक्षणाचे मोल काय आहे, हे ज्याने असे मूल हाताळले आहे त्यालाच कळेल.

पुढे हाँगकाँगमध्ये 888 मुलांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 12 आणि 38 टक्के, तसेच वर्षातून एकदा आणि दोनदा, अशी चारही प्रकारे तुलना केली गेली. 38 टक्के एसडीएफ वर्षातून दोनदा लावलेल्या गटात 30 महिन्यांनी सुमारे 75.7 टक्के पृष्ठभागांची कीड थांबली, वर्षातून एकदा लावलेल्या गटात 66.9 टक्के, तर 12 टक्क्यांच्या दोन गटांत हे प्रमाण 58.6 आणि 55.2 टक्के होते. इथे प्रमाण आणि वारंवारिता दोन्ही बोलतात, हे दंतमूळ सरांच्या मुद्द्याला धरूनच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये एसडीएफचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला, त्यामागे असाच पुरावा आहे.

तरीही दोन गोष्टी विसरू नयेत. एक म्हणजे काळा डाग. पालकांना तो शब्दांत सांगून भागत नाही, आधीचे आणि नंतरचे छायाचित्र दाखवूनच संमती घ्यावी, आणि पुढच्या दातांबाबत तर दोनदा विचारावे. वरून पोटॅशियम आयोडाइड लावल्याने डाग फिका होतो, पण ती जागा कालांतराने पुन्हा काळवंडू शकते, आणि गर्भवती स्त्रिया व थायरॉइडचे उपचार चालू असलेल्या व्यक्तींना ते देऊ नये. दुसरी म्हणजे ॲलर्जी. चांदीची ॲलर्जी असल्यास किंवा हिरड्यांवर व्रण असल्यास एसडीएफ नको, आणि रोझिनची (व्हार्निशमधल्या राळेची) ॲलर्जी असल्यास नेहमीचे व्हार्निश नको. 5,000 पीपीएमची टूथपेस्ट लहान मुलांच्या हाती देण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ती गिळली जाते.

एपीएफ (आम्लयुक्त फॉस्फेट फ्लोराइड) जेलचा उल्लेख कोणी केला नाही, ते योग्यच केले. 12,300 पीपीएमचे असले तरी त्याचा सामू 3.5 च्या आसपास असतो, आणि उघड्या डेंटिनवर आम्ल लावण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही. स्टॅनस फ्लोराइडची बाब वेगळी आहे. त्यातले कथील डेंटिनमध्ये टिकते आणि जिवाणूंनाही रोखते. आपल्या तीन गटांत जागा असेल तर त्याचा विचार करावा.

खनिजरेषा

आपण तिघांनी इतका वेळ देऊन लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. चांदीचा मुद्दा वाचून मी काल रात्रीच मार्गदर्शकांना कळवले, कारण नमुने कापण्याची तारीख पुढच्या आठवड्यावर आली होती. आता प्रबंधाच्या शीर्षकातून “कोणता उपचार श्रेष्ठ” हे शब्द काढून टाकत आहे. व्हार्निश आणि टूथपेस्टचे गट घनता आणि नॅनोइंडेंटेशन या दोन्हींनी मोजेन. एसडीएफच्या गटाची घनता मोजणार नाही, फक्त खोलीनुसार ताठपणा मोजेन, आणि चांदी कुठपर्यंत गेली आहे, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या ईडीएसने (मूलद्रव्ये ओळखणाऱ्या तपासणीने) दाखवीन. एक चौथा गटही घेत आहे: एकदा एसडीएफ आणि त्यानंतर रोज पाण्यात कालवलेली 5,000 पीपीएम टूथपेस्ट.

एक शेवटची शंका. कृत्रिम कीड नुसत्या आम्लाने करावी की जिवाणू वापरून?

सूक्ष्मकाठिण्य

शंका अगदी योग्य जागी आली. नुसत्या आम्लाने केलेल्या किडीत कोलॅजन जवळजवळ शाबूत राहते आणि जिवाणू नसतातच. अशा नमुन्यावर एसडीएफच्या दोन मोठ्या शक्ती, जिवाणू मारणे आणि विकरांना आवरणे, यांना करण्यासारखे कामच उरत नाही. तुम्ही तिथे फक्त त्याच्या फ्लोराइडची परीक्षा घेता आणि त्यावरून सगळ्या औषधाचा निकाल लावता. उलट जिवाणूंनी केलेली कीड खऱ्या किडीच्या अधिक जवळ जाते, पण तिची खोली नमुन्यागणिक बदलते आणि मग नमुन्यांची संख्या वाढवावी लागते.

तुमच्याजवळ वेळ थोडा असल्यास मधला मार्ग घ्या: आम्लाने खनिज काढा, नंतर काही नमुन्यांवर कोलॅजिनेजची (कोलॅजन तोडणाऱ्या विकराची) पायरी घाला आणि काहींवर घालू नका, आणि चारही उपचार दोन्ही प्रकारच्या नमुन्यांवर करा. चौकट शाबूत असताना आणि अर्धवट खाल्लेली असताना प्रत्येक उपचार कसा वागतो, हे त्यातून दिसेल. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग उपचाराआधी नखाच्या रंगाच्या दोन थरांनी झाकून ठेवा. पुढे छेद घेतल्यावर आधीची आणि नंतरची स्थिती एकाच दातावर, एकमेकींच्या शेजारी मिळते, आणि दोन वेगळ्या दातांतला नैसर्गिक फरक उपचाराच्या नावावर जमा होत नाही. रंग सुकू देताना डेंटिन मात्र वाळू देऊ नका. झाकायचा अर्धा भाग तेवढा टिपून घ्या आणि उघड्या भागावर ओला कापूस ठेवा.